इन्हिबिटरचा ग्राफ वाचायचा तर आधी दोन टोकं बघा, केएम नंतर

इन्हिबिटर म्हणजे एन्झाइमला अडवणारा पदार्थ, आणि त्याच्या प्रकारांचा पाढा असा: कॉम्पिटिटिव्हमध्ये केएम (निम्मा वेग गाठायला, एन्झाइम ज्यावर काम करतं त्या सबस्ट्रेटची लागणारी तीव्रता) वाढतो, व्हीमॅक्स (एन्झाइमचा कमाल वेग) तेवढाच. नॉनकॉम्पिटिटिव्हमध्ये व्हीमॅक्स उतरतो, केएम तेवढाच. अनकॉम्पिटिटिव्हमध्ये दोन्ही उतरतात. नाशकातल्या कुठल्याही बीएस्सीच्या मुलाला झोपेतून उठवून विचारा, हा पाढा धडाधड येतो. मग त्याच्यापुढे एक ग्राफ ठेवा, रेषांवरची नावं झाकून टाका आणि विचारा, बाबा रे, यातला अनकॉम्पिटिटिव्ह कुठला आणि का? गाडी तिथेच अडते. गंगापूर रोडला माझ्याकडे बायोकेमिस्ट्रीच्या शिकवणीला येणारी निम्मी पोरं हा पाढा घेऊनच येतात. माझं पहिलं काम तो विसरायला लावायचं असतं.

कारण पाढ्याची सुरुवात केएमपासून होते, आणि केएम हा या सगळ्या प्रकरणातला सगळ्यात फसवा आकडा आहे. ग्राफ वाचताना तो शेवटी बघायचा. आधी बघायची ती वक्राची दोन टोकं.

मायकेलिस आणि मेंटेन यांनी १९१३ साली बर्लिनमध्ये साखर फोडणाऱ्या इन्व्हर्टेज एन्झाइमवर काम करून जे समीकरण दिलं, ते समोर लिहून घ्या: वेग = व्हीमॅक्स × एस ÷ (केएम + एस). एस म्हणजे सबस्ट्रेटची तीव्रता. आता एस अगदी कमी असेल, केएमच्या पुढे नगण्य, तर खालच्या कंसात फक्त केएम उरतो आणि वेग होतो (व्हीमॅक्स ÷ केएम) × एस. म्हणजे सुरुवातीची सरळ चढण. तिचा चढ किती, ते व्हीमॅक्स भागिले केएम ठरवतं. उलट एस भरमसाट असेल तर केएम नगण्य होतो, एस वर-खाली कटतो आणि वेग उरतो फक्त व्हीमॅक्स. म्हणजे शेवटचं सपाट पठार. डावं टोक चढणीचं, उजवं टोक पठाराचं. इन्हिबिटर यातलं कुठलं टोक बिघडवतो, एवढाच प्रश्न आहे.

माझं माहेर पिंपळगावकडचं, त्यामुळे मला हे भुईकाट्यावरूनच सांगता येतं. सीझनला मालाचे टेम्पो काट्यावर येतात, वजन होतं, पावती मिळते, टेम्पो उतरतो. काटा म्हणजे एन्झाइम, भरलेला टेम्पो म्हणजे सबस्ट्रेट. टेम्पो तुरळक असतील तर तासाला किती पावत्या फाटतात ते टेम्पो किती येतात त्यावर ठरतं. रांग लागली की ते फक्त काट्याच्या स्वतःच्या वेगावर ठरतं. आता काही रिकामे टेम्पो उगाच काट्यावर चढून उभे राहू लागले. भरलेले तुरळक असताना याचा फार त्रास होतो, पण भरलेल्यांची रांग थेट हायवेपर्यंत गेली की रिकाम्याला काट्यावर चढायला संधीच मिळत नाही. हा कॉम्पिटिटिव्ह: डावं टोक बिघडलं, उजवं शाबूत. दुसरा प्रकार असा, की कुणी आगाऊ माणूस फक्त भरलेला टेम्पो काट्यावर चढल्यावरच त्याच्यापुढे येऊन आडवा उभा राहतो. काटा रिकामा असेल तर हा फिरकत नाही. टेम्पो तुरळक असताना काटा बहुतेक वेळ रिकामाच, त्यामुळे याचा उपद्रव जाणवत नाही. रांग लागली की काटा कायम भरलेला आणि हा कायम आडवा. हा अनकॉम्पिटिटिव्ह: उजवं टोक बिघडलं, डावं शाबूत. आणि काट्याची लाइटच अर्धा वेळ गेलेली असेल तर रिकामा काय, भरलेला काय, दोन्ही टोकं सारखीच खाली. हा नॉनकॉम्पिटिटिव्ह.

आता केएम कुठून येतो ते बघा. उजव्या टोकाच्या आकड्याला डाव्या टोकाच्या आकड्याने भागलं की केएम. तो या दोघांच्या हिशेबातली शिल्लक आहे. अनकॉम्पिटिटिव्हमध्ये केएम का उतरतो, इन्हिबिटर टाकल्यावर एन्झाइमची ओढ वाढली की काय, या प्रश्नावर मुलं तासभर डोकं खाजवतात. उत्तर सरळ आहे. डावीकडची चढण हललेली नाही, पठार मात्र निम्म्यावर आलंय. चढण तीच आणि पठार खाली, मग निम्मी उंची गाठायला सबस्ट्रेटही कमीच लागणार. बंधनाच्या भाषेत सांगायचं तर इन्हिबिटर ईएस कॉम्प्लेक्सला, म्हणजे सबस्ट्रेट बसलेल्या एन्झाइमला, धरून बसतो, ईएस वापरला जातो, समतोल तिकडे ओढला जातो. दोन्ही उत्तरं बरोबर आहेत, पण व्हायवात पहिलं दिलंत तर एक्स्टर्नल मान वर करून बघतील.

आकडे घेऊन करून बघू. हे आकडे मी हिशेब तोंडी व्हावा म्हणून बेतलेत, कुठल्या एन्झाइमचे नाहीत. व्हीमॅक्स ६० मायक्रोमोल दर मिनिटाला, केएम २ मिलिमोलर. इन्हिबिटर ३ मिलिमोलर टाकला (ही तीव्रता म्हणजे आय) आणि त्याचा के-आय, म्हणजे तो एन्झाइमला किती घट्ट धरतो ते सांगणारा आकडा, पण ३. मग १ + (आय ÷ के-आय) हा गुणक, ज्याला पुस्तकात अल्फा म्हणतात, तो २ येतो. कॉम्पिटिटिव्ह असेल तर केएम दुप्पट, म्हणजे ४. नॉनकॉम्पिटिटिव्ह असेल तर व्हीमॅक्स निम्मा, ३०. अनकॉम्पिटिटिव्ह असेल तर दोन्ही निम्मे, ३० आणि १.

| एस | इन्हिबिटर नाही | कॉम्पिटिटिव्ह | नॉनकॉम्पिटिटिव्ह | अनकॉम्पिटिटिव्ह |
|---|---|---|---|---|
| ०.५ | १२ | ६.६७ | ६ | १० |
| १ | २० | १२ | १० | १५ |
| २ | ३० | २० | १५ | २० |
| ४ | ४० | ३० | २० | २४ |
| १० | ५० | ४२.९ | २५ | २७.३ |

पहिली आणि शेवटची ओळ शेजारी ठेवा. कॉम्पिटिटिव्हने ०.५ ला ४४ टक्के वेग खाल्ला, १० ला फक्त १४ टक्के. अनकॉम्पिटिटिव्हने ०.५ ला १७ टक्के, १० ला ४५ टक्के. नॉनकॉम्पिटिटिव्ह सगळीकडे ५० टक्के, ढिम्म. ग्राफ काढायच्या आधीच निकाल लागला. आणि मधली ओळ मुद्दाम बघा: एस = २ ला कॉम्पिटिटिव्हही २० आणि अनकॉम्पिटिटिव्हही २०. एस बरोब्बर केएमएवढा असला की हे होतं. त्यामुळे प्रोजेक्टमध्ये एकच सबस्ट्रेट तीव्रता घेऊन, ‘इन्हिबिशन ३३ टक्के मिळालं, म्हणून कॉम्पिटिटिव्ह’ असं कुणी लिहून आणलं की मी ते पान तिथेच दुमडते. एका तीव्रतेवरून प्रकार कळत नाही, कळूच शकत नाही.

आता ग्राफपेपर काढा. एक्सेल नको, निदान पहिल्यांदा तरी नको. लाइनविव्हर आणि बर्क यांनी १९३४ साली सुचवलेला उलटा ग्राफ काढायचाय: आडव्या अक्षावर १/एस, उभ्यावर १/वेग. सवयीने ओरिजिन कागदाच्या डाव्या खालच्या कोपऱ्यात टाकलात तर संपलं. कारण या ग्राफमधला केएम ऋण बाजूला मिळतो आणि डावीकडे तुम्ही जागाच ठेवलेली नसते. मग दुसरा कागद चिकटवा, नाहीतर सबमिशनच्या आदल्या रात्री सगळं परत काढा. वरच्या आकड्यांसाठी आडवा अक्ष उणे १.२ पासून अधिक २ पर्यंत लागतो, म्हणजे ओरिजिन साधारण कागदाच्या एक तृतीयांशावर येतो. उभा अक्ष ० ते ०.१८. चारही रेषा एकाच कागदावर, एकाच स्केलवर काढायच्या. वेगवेगळ्या कागदांवर काढलेल्या रेषांची तुलना करणाऱ्याला माझ्याकडे चहा मिळत नाही.

उलटे आकडे असे येतात. १/एस: २, १, ०.५, ०.२५, ०.१. इन्हिबिटर नसताना १/वेग: ०.०८३, ०.०५, ०.०३३, ०.०२५, ०.०२. बिंदू मांडा, पट्टी लावा आणि रेषा डावीकडे ओढत न्या, आधी उभा अक्ष ओलांडेपर्यंत आणि मग आडवा. उभ्या अक्षावर ती ०.०१६७ ला भेटते, म्हणजे १ ÷ ६०. आडव्यावर उणे ०.५ ला भेटते, म्हणजे उणे १ ÷ केएम. चढ येतो ०.०३३, म्हणजे केएम ÷ व्हीमॅक्स.

इथे पुन्हा दोन टोकं. ग्राफ उलटा आहे, तर टोकंही उलटी झाली. रेषेचा चढ हा मूळ वक्राच्या डाव्या टोकाचा, चढणीचा व्यस्तांक आहे. उभ्या अक्षावरचा छेद हा उजव्या टोकाचा, पठाराचा व्यस्तांक आहे. म्हणून आधी रेषेचा चढ बघा, मग उभ्या अक्षावरचा छेद बघा, आणि बस. आडव्या अक्षावरचा छेद तोंडी लावायला.

कॉम्पिटिटिव्हची रेषा काढली की चढ ०.०६७ येतो, दुप्पट, पण उभ्या अक्षावर ती पहिल्या रेषेला त्याच ०.०१६७ वर येऊन मिळते. दोन्ही रेषा उभ्या अक्षावर एकत्र आल्या म्हणजे पठार हललं नाही. नॉनकॉम्पिटिटिव्हला चढही दुप्पट, छेदही दुप्पट (०.०३३), आणि रेषा एकमेकींना आडव्या अक्षावर उणे ०.५ ला भेटतात. अनकॉम्पिटिटिव्हला चढ जसाच्या तसा ०.०३३, छेद मात्र ०.०३३ वर सरकलेला, आणि चढ सारखा असल्याने रेषा समांतर. आडव्या अक्षावर ती उणे १ ला जाते, म्हणजे केएम १. पाढ्यातली तिन्ही वाक्यं आता पाठ न करता समोर आली.

प्रत्यक्षात रेषा इतक्या गुणी नसतात. बहुतेक वेळा त्या उभ्या अक्षाच्या डावीकडे, आडव्या अक्षाच्या थोड्या वर किंवा थोड्या खाली भेटतात. हा मिक्स्ड. इन्हिबिटर मोकळ्या एन्झाइमलाही धरतो आणि ईएसलाही, पण ओढ वेगवेगळी. मोकळ्याला जास्त घट्ट धरत असेल तर भेट अक्षाच्या वर होते, ईएसला जास्त घट्ट धरत असेल तर खाली. ओढ अगदी सारखी असली तरच भेट बरोब्बर अक्षावर, म्हणजे शुद्ध नॉनकॉम्पिटिटिव्ह. तो पुस्तकात जेवढ्या वेळा दिसतो तेवढा प्रत्यक्षात दिसत नाही. काही पुस्तकं मिक्स्डलाच सरसकट नॉनकॉम्पिटिटिव्ह म्हणून मोकळी होतात, तेव्हा परीक्षेआधी तुमचं पुस्तक काय म्हणतं ते बघून ठेवा.

प्रयोग करायचा तर सगळ्यात सोयीचं जोडपं म्हणजे अल्कलाइन फॉस्फटेज आणि पॅरा-नायट्रोफेनिल फॉस्फेट, म्हणजे आपलं पीएनपीपी. एन्झाइमने फॉस्फेट काढलं की अल्कलाइन द्रावणात पिवळाधमक रंग येतो. ४०५ नॅनोमीटरला वाचायचं. साधा कलरीमीटर असेल तर त्याच्या जवळचा निळा फिल्टर चालतो. रिअॅक्शन थांबवायला सोडियम हायड्रॉक्साइड. पॅरा-नायट्रोफेनॉलचा मोलर शोषणांक सुमारे १८,००० आहे, म्हणजे १ सेंटीमीटरच्या क्युव्हेटमध्ये ०.३६ ओडी (कलरीमीटरवरचं शोषणाचं वाचन) आला तर २० मायक्रोमोलर प्रॉडक्ट झालं. हे रूपांतर करा, वेग ओडीमध्ये लिहून ठेवू नका. प्रकार ओळखायला ओडी चालेल, पण व्हीमॅक्स लिहिताना एककासाठी तारांबळ उडते.

या एन्झाइमचं खास म्हणजे तुम्हाला हवे ते इन्हिबिटर साध्या बाटल्यांतून मिळतात. अजैविक फॉस्फेट हा कॉम्पिटिटिव्ह. तो प्रॉडक्टही आहे आणि सबस्ट्रेटच्याच जागेवर बसतो. आतड्यातल्या अल्कलाइन फॉस्फटेजला एल-फेनिलअॅलनिन हा अनकॉम्पिटिटिव्ह, जो एरवी शोधून सापडत नाही. आणि इथेच एक खड्डा आहे. लॅबमध्ये पहिली हाताला लागणारी बफरची बाटली फॉस्फेट बफरची असते. ती वापरली की ‘इन्हिबिटर नाही’ असं लेबल लावलेल्या टेस्ट ट्यूबमध्येच तुम्ही इन्हिबिटर ओतलेला असतो. केएम भलताच मोठा येतो आणि वर टाकलेल्या इन्हिबिटरचा परिणाम मरगळलेला दिसतो. ग्लायसिन बफर घ्या, पीएच दहाच्या आसपास.

सबस्ट्रेटच्या तीव्रता केएमच्या पावपटीपासून पाचपटीपर्यंत पसरवा. वरच्या तक्त्यात केएम २ आहे आणि एस ०.५ ते १० आहे, ते उगाच नाही. सगळ्या तीव्रता केएमच्या वर घेतल्या तर फक्त पठार दिसतं आणि कॉम्पिटिटिव्ह इन्हिबिटर जणू नाहीच असं वाटतं. सगळ्या खाली घेतल्या तर पठाराचा अंदाजच येत नाही. इन्हिबिटरच्या निदान तीन तीव्रता घ्या, त्यात एक शून्य. आणि वेग म्हणजे सुरुवातीचा वेग. सबस्ट्रेटचा दहा टक्क्यांहून जास्त भाग संपला की तो वेग तुमचा राहिला नाही. ०.५ मिलिमोलरच्या ट्यूबमध्ये दहा टक्के म्हणजे ५० मायक्रोमोलर, म्हणजे ओडी ०.९. सगळ्यात पातळ ट्यूब त्याच्या आत थांबवा. वेळ वाचवायला सगळ्या ट्यूब सरसकट अर्धा तास ठेवायच्या, हा प्रकार मी बऱ्याच जर्नलांत बघते. पातळ ट्यूबमधला सबस्ट्रेट तोवर बराच संपलेला असतो.

त्या पातळ ट्यूबची एवढी काळजी का, तर उलट्या ग्राफचा सगळा भार तिच्यावरच असतो. तक्त्यातला ६.६७ घ्या आणि मोजण्यात अर्धा एककाची चूक धरा. १/वेग ०.१४० पासून ०.१६२ पर्यंत कुठेही जातो. तीच अर्ध्या एककाची चूक ४२.९ ला धरा, तर फरक ०.०२३१ ते ०.०२३६. चाळीस पट तफावत. आणि पट्टी लावताना डोळा सगळ्यात लांबच्या, सगळ्यात उंच बिंदूकडे जातो, म्हणजे नेमका सगळ्यात बेभरवशाच्या बिंदूकडे. म्हणून ही रेषा प्रकार ओळखायला आणि परीक्षेत काढायला उत्तम, पण आकडे काढायला कच्ची. आकड्यांसाठी मूळ वक्रालाच समीकरण बसवा. एक्सेलचं सॉल्व्हर ते फुकटात करतं. कागदावरच करायचं असेल तर एस विरुद्ध एस/वेग असा हेन्सचा ग्राफ जास्त समंजस आहे, फक्त त्यात चढ आणि छेद यांच्या भूमिका बदलतात हे लक्षात असू द्या: चढ व्हीमॅक्स सांगतो, छेद चढण. कॉम्पिटिटिव्ह इथे समांतर दिसतो. समांतर म्हणजे अनकॉम्पिटिटिव्ह असं रट्टा मारून गेलेल्यांची विकेट नेट-सेटच्या पेपरात याच ग्राफवर पडते.

के-आय काढायला दुसरा छोटा ग्राफ लागतो. इन्हिबिटरच्या प्रत्येक तीव्रतेला उलट्या रेषेचा चढ किती आला ते उभ्या अक्षावर, आय आडव्या अक्षावर. आपल्या कॉम्पिटिटिव्हसाठी आय ०, ३, ६ ला चढ ०.०३३, ०.०६७, ०.१ येतो. रेषा डावीकडे ओढली की आडव्या अक्षाला उणे ३ वर लागते. के-आय ३. अनकॉम्पिटिटिव्हला चढ हलत नाही, म्हणून तिथे चढाऐवजी उभ्या अक्षाचे छेद मांडायचे. मिक्स्डला दोन्ही मांडायचे आणि दोन के-आय मिळतात. डिक्सनने १९५३ साली याला बगल देणारा ग्राफ दिला, १/वेग विरुद्ध आय, सबस्ट्रेटच्या दोन-तीन तीव्रतांना. कॉम्पिटिटिव्हच्या रेषा उणे के-आयवर, अक्षाच्या वर भेटतात. नॉनकॉम्पिटिटिव्हच्या अक्षावरच. हा झटपट होतो, पण कॉम्पिटिटिव्ह आणि मिक्स्ड यांत तो फरक करू शकत नाही, दोघांच्याही रेषा वर भेटलेल्या दिसू शकतात.

फार्मसीची मुलं के-आय ऐवजी आयसी-५० घेऊन येतात: वेग निम्मा करायला किती इन्हिबिटर लागला. बरं आहे, पण सोबत सबस्ट्रेट किती होता ते लिहिलं नसेल तर त्या आकड्याला काही अर्थ नाही. आपल्याच कॉम्पिटिटिव्हचा आयसी-५० एस = २ ला ६ येतो आणि एस = १० ला १८. इन्हिबिटर तोच, एन्झाइम तेच. सूत्र आहे के-आय × (१ + एस ÷ केएम). अनकॉम्पिटिटिव्हला कंसात उलटं, १ + केएम ÷ एस, म्हणजे सबस्ट्रेट वाढवला की आयसी-५० उतरतो. नॉनकॉम्पिटिटिव्हला आयसी-५० म्हणजेच के-आय.

हेच गणित दवाखान्यात चालतं. विषारी दारूतलं मेथॅनॉल स्वतः तेवढं घातक नाही, यकृतातलं अल्कोहोल डिहायड्रोजनेज त्याचं फॉर्माल्डिहाइड करतं आणि पुढे फॉर्मिक आम्ल, जे डोळे घेतं. उपाय म्हणून इथेनॉल देतात, कारण ते त्याच जागेसाठी भांडतं आणि एन्झाइमला त्याची ओढ जास्त आहे. फोमेपिझोल हे औषधही त्याच जागेचं गिऱ्हाईक. कॉम्पिटिटिव्ह असल्यामुळे त्याची पातळी रक्तात टिकवून धरावी लागते, एकदा देऊन भागत नाही.

आता एक अडचण, जी आपल्या द्राक्षपट्ट्यात कुणालाही परकी नाही. फवारणीची ऑर्गॅनोफॉस्फेट औषधं अॅसिटिलकोलिनेस्टरेज या मज्जातंतूंच्या कामातल्या एन्झाइमच्या सेरीन या अमिनो आम्लावर फॉस्फेटचा तुकडा पक्का चिकटवतात. एन्झाइम कायमचं बाद. याचा उलटा ग्राफ काढला तर काय दिसतं? चढ वाढलेला, छेद वाढलेला, भेट आडव्या अक्षावर. हुबेहूब नॉनकॉम्पिटिटिव्ह! कारण उघड आहे, जेवढे रेणू बाद झाले तेवढा व्हीमॅक्स उतरला, उरलेले रेणू मात्र अगदी धडधाकट, त्यांचा केएम जुनाच. ग्राफ खोटं बोलत नाही, पण त्याला ‘परत सुटतो का’ हा प्रश्न विचारलेलाच नाही. तो वेगळा विचारायचा. एन्झाइम आणि इन्हिबिटर एकत्र ठेवा, मग मिश्रण शंभरपट पातळ करा. वेग परत आला तर रिव्हर्सिबल, नाही आला तर नाही. किंवा सबस्ट्रेट टाकायच्या आधी एकत्र ठेवण्याचा वेळ वाढवत न्या. वेळेबरोबर वेग उतरतच गेला तर संशय घ्या.

तिसरी चाचणी मला सगळ्यात आवडते. इन्हिबिटर ठराविक ठेवा आणि एन्झाइमचं प्रमाण वाढवत वेग मांडा. रिव्हर्सिबल असेल तर रेषा ओरिजिनमधूनच निघते, फक्त कमी चढाची. कायमचा चिकटणारा असेल तर पहिल्या काही थेंबांना वेगच नाही, कारण ते सगळं एन्झाइम इन्हिबिटर गिळून टाकतो. इन्हिबिटर संपला की पुढे रेषा मूळ चढानेच निघते, उजवीकडे सरकलेली आणि मूळ रेषेला समांतर. विषबाधेत अॅट्रोपिनबरोबर देतात ते पॅम, म्हणजे प्रॅलिडॉक्झिम, हा चिकटलेला तुकडा ओढून काढतं, पण वेळेत दिलं तरच. काही तासांनी त्या तुकड्याची रचना बदलते आणि मग तो निघत नाही. कार्बामेट गटातल्या औषधांचा तुकडा मात्र आपणहून सुटतो, म्हणून त्यांची बाधा तुलनेने लवकर ओसरते.

द्राक्षांवरूनच दुसरा एक सापळा. ‘लिंबाचा रस द्राक्षरसातल्या पॉलिफेनॉल ऑक्सिडेजला थांबवतो’ हा प्रोजेक्ट दरवर्षी कुणीतरी करतंच. कॅटेकॉल टाका, तपकिरी रंग मोजा, लिंबू टाका, रंग नाही, निष्कर्ष: इन्हिबिशन. थांबा. लिंबातलं अॅस्कॉर्बिक आम्ल तयार झालेल्या क्विनोनला (तपकिरी रंग ज्यापासून येतो त्याला) परत मूळ रूपात आणतं, म्हणजे एन्झाइम राबतंय पण त्याचा हिशेब पुसला जातोय. रंग वेळेविरुद्ध मांडा: काही वेळ सपाट, अॅस्कॉर्बिक संपलं की एकदम चढ. वर लिंबाने पीएच उतरतो, तो वेगळाच परिणाम. वायनरीत वापरतात त्या पोटॅशियम मेटाबायसल्फाइटचंही असंच आहे, तो क्विनोनलाही पकडतो आणि एन्झाइमलाही निकामी करतो. अशा आकड्यांवर लाइनविव्हर-बर्क काढून के-आय लिहिणं म्हणजे वाया गेलेला ग्राफपेपर. प्रॉडक्टऐवजी ऑक्सिजन किती खर्च झाला ते मोजता आलं तरच बोला.

रेषा सरळच येत नसेल तर जबरदस्तीने पट्टी लावू नका. उभ्या अक्षाजवळ रेषा वर वळत असेल तर जास्त सबस्ट्रेट स्वतःच एन्झाइमला अडवतोय. अॅसिटिलकोलिनेस्टरेज हे असंच एन्झाइम आहे. आणि मूळ वक्र इंग्रजी ‘S’ अक्षराच्या आकाराचा असेल तर एन्झाइम अॅलोस्टेरिक आहे, म्हणजे एका जागी रेणू बसला की दुसऱ्या जागेची ओढ बदलते, त्याला हे समीकरणच लागू नाही.

शेवटचं, जे उत्तरपत्रिकेत हमखास राहतं. दोन सबस्ट्रेट असलेल्या एन्झाइमसाठी नुसतं ‘कॉम्पिटिटिव्ह’ लिहिणं अर्धवट आहे. ग्लायफोसेट हे तणनाशक वनस्पतींतल्या ईपीएसपी सिंथेजला अडवतं. फॉस्फोइनॉलपायरुव्हेट बदलत नेऊन ग्राफ काढला तर रेषा उभ्या अक्षावर भेटतात, म्हणजे कॉम्पिटिटिव्ह. त्याच एन्झाइमला, त्याच ग्लायफोसेटने, शिकिमेट-३-फॉस्फेट बदलत नेऊन ग्राफ काढला तर रेषा समांतर येतात, म्हणजे अनकॉम्पिटिटिव्ह. दोन्ही खरं आहे, कारण ग्लायफोसेट बसतं ते शिकिमेट-३-फॉस्फेट आधी बसल्यानंतर, फॉस्फोइनॉलपायरुव्हेटच्या जागी. म्हणून जर्नलमध्ये प्रकाराच्या नावापुढे, आडव्या अक्षावर कुठला सबस्ट्रेट घेतला होता आणि दुसरा किती मिलिमोलरवर स्थिर ठेवला होता, हे त्याच ओळीत लिहा.